न मोजलेले घड

आमच्याकडे मादी खजुरीला पत्ता असतो आणि नराला नाव. मादी म्हणजे पाटाच्या वळणावरची, हौदाजवळची, कुंपणाला टेकलेली. नर मुळात थोडे, एका वाडीत एक, फार तर दोन. त्यामुळे त्यांची नावं लेकराबाळांनाही पाठ: रागीट, बुटका, हाजी. तिजानीकाकांच्या वाडीतला नर म्हणजे शेंडीवाला. त्याच्या माथ्यावरची मधली पानं ताठ उभी असायची. शोतच्या खाऱ्या मैदानावरून वारं सुटलं आणि सगळी वाडी वाकली, तरी ती शेंडी वाकायची नाही.

थंडी सरता सरता त्याचे तुरे फुटायचे आणि काकांच्या फाटकाशी माणसं गोळा व्हायची.

"काका, दोन तुरे."

"काका, आमच्या वळणावरचीला यंदाही तुमच्याच घरचा नवरा हवा म्हणे."

खजुरीला फळ धरायचं तर नराचं पीठ, म्हणजे पराग, माणसाने नेऊन तिच्या कोवळ्या फुलोऱ्यात झटकावं लागतं. वाऱ्यावर सोडलं तर वारा आपल्या मर्जीने वाटतो. काका खालून तुरे द्यायचे, चढणारे कमरेला दोर बांधून वर जायचे, आणि वरून गाणं उतरायचं:

शेंडीवाल्या नवऱ्याच्या अंगभर पीठ
खजूर माझी लाजे, तिची उघडेना मूठ
उघड बाई मूठ, आता वारं पडलं
दिल्याघेतल्यावाचून कुणाचं घर भरलं

मग केंद्राने चाचणी घेतली आणि शेंडीवाला हरला.

केंद्र म्हणजे गावाबाहेरचं सरकारी खजूर केंद्र. मुफीदा तिथे आकड्यांचं काम बघते. ती इथलीच, भट्टीवाल्या सालेमची मुलगी. राजधानीत शिकायला गेली तेव्हा ती परत येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. ती आली, आणि आली ती प्रश्न घेऊन. कोणत्या नराच्या पिठाने घड जड भरतो, हे तिला आकड्यांनी ठरवायचं होतं. तिच्या पीएचडीचा विषयच तो. चाचणीला वाडी दिली तिजानीकाकांनी. एकाच खजुरीवर दर नराच्या पिठाचे दोन-दोन घड, आणि ओळख पटावी म्हणून देठाला रंगीत दोरा. शेंडीवाल्याचा लाल, केंद्राच्या चार नंबरच्या नराचा निळा, आणखी दोघांचे आणखी दोन रंग. शरदात घड उतरवायचे आणि तोलायचे.

काकांची अट एकच होती. "दर झाडाचा एक घड वाटेवरच्या माणसाचा. माझ्या बापाच्याही आधीपासून आहे ते. तो घड तोलायचा नाही."

"तोलल्याने काय कमी होतंय, काका?"

"फळ नाही कमी होत गं. देणं कमी होतं. ह्या हाताने दिलेलं त्या हाताला कळू नये म्हणतात, आणि तू तर कागदावर उतरवायला निघालीस."

मुफीदाला हे समजावून सांगावं लागलं नाही. तिच्या बापाच्या भट्टीतूनही पहिल्या रोट्या न मोजताच दारात जायच्या. तिने त्या घडांच्या जागी काही लिहिलं नाही. शून्य लिहिणं खोटं झालं असतं, अंदाजे वजन लिहिणं उद्धटपणा झाला असता. चौकट रिकामी ठेवली. रिकाम्या चौकटी हिशेबातून वगळल्या जातात, असं सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तकात स्पष्ट छापलेलं होतं.

आणि दिला जाणारा घड दर वेळी लाल दोऱ्याचाच असायचा. "दुसऱ्याच्या नराचं फळ मी कसं दान करू?" काका म्हणायचे. "द्यायचं ते आपल्या घरचं द्यावं."

चाचणी संपली, आकडे बसले. नुसती सरासरी काढली तेव्हा शेंडीवाला वरच दिसत होता. पण नुसत्या सरासरीवर भाळू नये, कुठलं झाड दमदार आणि कुठलं मरतुकडं हा फरक वजा करावा आणि मग उरेल ते खरं मानावं, असं मुफीदाला शिकवलेलं होतं. ती वजाबाकी सॉफ्टवेअरने केली, आणि शेंडीवाला तळाला गेला. चार नंबर पहिला आला. मुफीदाला त्या दिवशी वाईट वाटलं होतं. पण वाईट वाटणं हा काही पुरावा नव्हे.

निकाल केंद्राच्या फलकावर लागला. चार नंबरचं पीठ पुड्यांतून मिळू लागलं. काकांच्या फाटकाशी पुढच्या वसंतात चार-दोन माणसं आली, ती मान खाली घालून. त्याच्या पुढच्या वसंतात कोणीच नाही. शेंडीवाला फुलत राहिला. त्याचं पीठ वाऱ्यावर जायचं आणि पाटाच्या पाण्यावर पिवळी साय धरायची.

काकांनी केंद्राला कधी बोल लावला नाही. "यंत्राला माझ्याशी काय वैर असणार?" एवढंच म्हणायचे. स्वतःही पुड्या आणायला लागले. महबूबाकाकू मात्र चुलीपुढून टोमणा मारायच्या, "मालकावरच गेला तो नर. दिसायला ताठ, कामाला माठ."

ह्या गोष्टीला वर्षं लोटली. मुफीदाच्या नावापुढे डॉक्टर लागलं.

मग एका वसंतात केंद्रात सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं. नवी भट्टी पेटवली की बायका आधी सवयीच्या पिठाची एक रोटी थापून बघतात, तशी मुफीदाची रीत होती: नवं व्हर्जन आलं की आधी आपले जुने आकडे त्यात टाकून बघायचे. जुनी रोटी जशीच्या तशी फुगली की पुढचं काम. ह्या वेळीही तिने तेच केलं आणि चहाचा पेला उचलला.

रोटी वेगळी फुगली.

चहा निवत राहिला. आपणच काहीतरी चुकीचं दाबलं असेल म्हणून तिने पुन्हा केलं. जुन्या संगणकावर जुनं व्हर्जन अजून होतं, त्यात तेच आकडे टाकले: शेंडीवाला तळाला. नव्यात टाकले: शेंडीवाला आणि चार नंबर खांद्याला खांदा लावून उभे. शेंडीवाला केसभर पुढेच, पण तो केस काही भरवशाचा नव्हता.

मग तिने नव्या व्हर्जनमधल्या बदलांची यादी उघडली. शेकडो ओळी. कुठे रंग बदललेला, कुठे एखादी आज्ञा वेगाने चालायला लागलेली. त्यात खाली एक ओळ: गटागटातला फरक वजा करताना रिकाम्या चौकटी काही वेळा शून्य धरल्या जात होत्या, आता त्या वगळल्या जातात. पुढे, हा दोष दाखवून दिल्याबद्दल कोणा माणसाचे आभार.

एवढंच. त्या माणसाला शेंडीवाला ठाऊक नव्हता. दुरुस्त करणाऱ्यालाही नव्हता. जगाच्या कुठल्याशा टोकाला कोणीतरी एक ओळ सरळ केली, आणि इथे सगळ्या वसंतांची घडी विस्कटली. काकांनी दिलेला एकेक घड यंत्राने शून्य वजनाचा धरला होता. जितका हात सैल, तितका नर हलका.

ती छापील कागद घेऊन बेलगासेमसाहेबांकडे गेली. साहेब केंद्राचे प्रमुख. माणूस वाईट नाही; फक्त त्यांना घडी मोडलेली आवडत नाही, रुमालाचीसुद्धा.

त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला. "चूक कोणाची? सॉफ्टवेअरची. दुरुस्त कोणी केली? सॉफ्टवेअरने. मग आपण दोघं घाम का पुसतोय?"

"कारण फलकावर आपली सही आहे, साहेब."

"फलक ऊन खाऊन पांढरा पडलाय. कोण वाचतं?"

"वाचून झालंय सगळ्यांचं. म्हणून तर कोणी जात नाही तिकडे."

साहेबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "हे बघ मुफीदा, चार नंबर वाईट ठरलाय का? नाही ना. लोकांना चांगलंच पीठ मिळतंय. उद्या आपण सांगितलं की अमकाही तेवढाच चांगला होता, तर म्हणतील केंद्राला दर वसंतात नवा साक्षात्कार होतो. आणि तुझी पीएचडी? तिच्या पाठीवर बसून तू ह्या खुर्चीपर्यंत आलीस, बाई."

"माहीत आहे."

"मग सावकाश घेऊ. पुढच्या अहवालात तळटीप टाकू." ते उठले. "चल, मलाही निघायचंय. तिजानीकडे बोलावणं आहे, लगमी प्यायला. आज तो त्याचा नर काढतोय."

मुफीदा दारातच थांबली. "कोणता नर?"

"त्याच्याकडे दुसरा आहे कुठे?"

लगमी म्हणजे खजुरीची नीरा. ती काढायची तर झाडाचा माथा उघडा करावा लागतो: पानं उतरवायची, शेंड्याचा गाभा तासायचा आणि त्यातून झिरपणारा रस मडक्यात धरायचा. पाहुण्याला ह्याहून गोड काही देता येत नाही. पण झाड बहुधा त्यात जातं. म्हणून म्हातारं झालेलं, फळ न देणारं, कोणाला नको असलेलं झाडच लगमीला काढतात.

साहेबांच्या गाडीची वाट न बघता मुफीदा वाड्यांमधल्या मातीच्या वाटेने निघाली. पोहोचली तेव्हा पाटाकाठी हिरव्या पानांचा ढीग पडला होता. सगळ्यात वर शेंडी. जमिनीवरही ती ताठच होती.

वर खोडाला बिलगून काकूंचा भाऊ शादली बसला होता, हातात पातळ पात्याचा कोयता. गावात लगमी काढावी तर त्यानेच. खाली चटईवर काका, शेजारी काकू पेले पुसत.

"आलीस? बैस," काका म्हणाले. "पाहुण्यांतला पहिला पेला तुझा. तूच त्याची परीक्षा घेतलीस, आता तूच त्याचं गोड कर."

"काका, शादलीमामांना थांबवा."

"काय झालं?"

"आधी थांबवा. मग सांगते."

काकांनी तिच्याकडे बघितलं आणि वर हाक मारली, "शादली, जरा दम खा रे."

"कोयत्याला कुठला दम?" वरून आवाज आला. पण तासण्याचा आवाज थांबला.

मुफीदा चटईवर बसली नाही. उभ्यानेच सांगितलं. रिकाम्या चौकटींचं सांगितलं, शून्याचं सांगितलं, त्या एका ओळीचं सांगितलं. काका ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "थांब. मला नीट कळू दे. मी लाल दोऱ्याचे घड वाटले. यंत्र म्हणालं, ते घड धरलेच नाहीत. म्हणजे मी वाटलं म्हणून तो हरला?"

तिला ते दुसऱ्या कुठल्या तरी शब्दांत सांगता आलं असतं. दुसरे शब्द तिच्याजवळ भरपूर होते.

"हो, काका."

पाटाचं पाणी वाहत होतं. काकूंच्या हातातला पेला पुसून झाला तरी पुसलाच जात होता. मग त्या एकदम म्हणाल्या, "मी तेव्हाच कानीकपाळी ओरडत होते! म्हटलं, वाटेवर ठेवायचेत ना, मग मागचे, खुरटे ठेवा. तर नाही! ह्यांना सगळ्यात भरलेला घडच द्यायचा. मी पोरींच्या सासरी पाठवायला म्हणून डोळा ठेवलेला घड हे उचलून वाटेवर टांगायचे!"

"जे आपल्याला नको ते देणं म्हणजे केर काढणं, महबूबा."

मुफीदाच्या हातातला कागद खाली आला. "काका, तुम्ही नेहमी सगळ्यात जड घड द्यायचा?"

"जड म्हणजे... मोजला कुठे? डोळ्याला भरेल तो."

तिने कागदाकडे पाहिलं. त्या नव्या, सुधारलेल्या, बरोबर आकड्याकडे. चुकीचा शून्य निघून गेला होता, पण त्याच्या जागी जे यायला हवं होतं ते ह्या कागदावर कधीच येणार नव्हतं. सर्वांत भरलेले घड वाटसरूंच्या पोटात गेले होते. उरलेल्यांवर तोललेला शेंडीवाला केसभर पुढे होता. खरा किती पुढे, हे सांगणारं व्हर्जन कधी निघणार नाही.

"म्हणजे हाही आकडा त्याला पुरता न्याय देत नाही," ती म्हणाली. "फक्त अन्याय थांबवतो."

काका हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "पोरी, तेव्हा यंत्र म्हणालं वाईट. मी मानलं. आता म्हणतंय चांगला. उद्या आणखी एखादी ओळ कोणी सरळ करेल, तेव्हा? मी काय दर वेळी फाटक उघडायचं आणि लावायचं?"

"उद्या बदललं तर उद्या येऊन सांगेन."

"आणि ते पुन्हा उलटं निघालं तर?"

"तेही सांगेन. काका, मी तुम्हाला तो सर्वांत चांगला आहे असं सांगायला आलेली नाही. तो वाईट आहे असं आम्ही सांगितलं होतं, ते खोटं होतं, एवढंच सांगायला आलेय. एवढ्यावर झाड तोडू नका. एवढ्यावर तोडायचं नसतं हे मला तेव्हाच सांगता यायला हवं होतं."

"तोडत नव्हतो गं मी त्याला रागाने," काका म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला. "ज्याच्या दारात कोणी येत नाही, त्याने नुसतं उभं राहून काय करायचं? म्हटलं निदान जाता जाता गोड तरी होऊ दे. तुम्ही सगळे पेला पेला प्याल, चांगलं म्हणाल. तेवढ्यासाठी."

वरून शादली ओरडला, "तुमचं ठरतंय का? इथे माझे पाय सोलून निघालेत! कापू की उतरू?"

काका उठले. खोडापाशी गेले, तळवा टेकवला. गाय विकायला काढली की शेवटचा हात फिरवतात, तसा तो हात फिरला. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "गाभ्यापर्यंत गेलास का रे?"

"कडेचं तासलंय. काळीज अजून खाली आहे. रस पाझरायला लागलाय."

"आत्ता थांबलास तर जगेल?"

शादलीने तासलेल्या जागेवरून बोट फिरवलं. "जगेल बहुतेक. माथा चटईने गुंडाळून ऊन लागू द्यायचं नाही. पण तुरे लगेच नाही धरायचा. तीन-चार वसंत नुसता पानं काढेल. आणि खोडाला इथे कंबर पडलेली राहील."

"राहू दे कंबर," काका म्हणाले. "बांध."

"आणि हे मडकं? पेलाभर जमलंय."

"खाली सोड."

बसायची चटईच काकूंनी ओढून काढली आणि दोराला बांधली. "नवी होती," त्या पुटपुटल्या. "आता नराला पागोटं." चटई वर गेली, मडकं खाली आलं. एवढ्यात फाटकाशी गाडीचं दार वाजलं आणि बेलगासेमसाहेब आत आले, रुमालाने मान पुसत. त्यांनी पानांचा ढीग पाहिला, वर गुंडाळला जाणारा माथा पाहिला, मातीत उभी माणसं पाहिली.

"लगमीला बोलावलं होतं ना मला?"

"बोलावलं होतं खरं," काका म्हणाले. "पण नवऱ्याने विचार बदलला."

साहेबांनी मुफीदाकडे बघितलं. बोलायचं ते तिने सकाळीच बोलून टाकलं होतं. काकांनी मडक्यातला रस पेल्यात ओतला. एकच पेला भरला, तोही जेमतेम. साहेबांनी हात पुढे केला.

"हा नाही, साहेब." काका पेला घेऊन कुंपणाच्या फटीतून बाहेर गेले आणि वाटेकडच्या दगडावर ठेवून आले. वर एक पान झाकलं. "पहिला असतो तो वाटेवरच्याचा."

साहेबांचा हात तसाच हवेत राहिला, मग चष्म्याकडे गेला. त्यांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला. "किती वर्षं फुलणार नाही म्हणालात?"

"तीन-चार," वरून शादली म्हणाला.

"तोवर चार नंबरच्या पुड्या आहेतच." ते मुफीदाकडे वळले. "मुफीदा, उद्या लाव ते फलकावर. तळटीप नको, मोठ्या अक्षरात लाव. जुना निकाल काढू नकोस, त्याच्याच शेजारी लाव, म्हणजे काय बदललं ते कळेल. आणि खाली माझी सही घे. आधीच्या कागदावर होती, तर ह्याच्यावरही हवी."

"मी 'चूक' असं लिहिणार आहे, साहेब."

"लिही. 'सुधारणा' असा शब्द बरा दिसला असता," ते म्हणाले, आणि मग स्वतःशीच, "पण बरा दिसण्यासाठी आपण थोडेच लावतोय."

तो कागद फलकावर लागला. मुफीदाने शेवटी एक वाक्य जास्तीचं घातलं होतं, जे तसल्या कागदांवर नसतं: दान दिलेल्या घडांचं वजन ह्या चाचणीत नाही, ते सर्वांत भरलेले होते असं वाडीच्या मालकांकडून कळतं, म्हणून शेंडीवाल्याबद्दलचा हा आकडा कमीत कमी समजावा. राजधानीतल्या तिच्या प्राध्यापकांनाही तिने हेच कळवलं. तिथून काय उत्तर आलं ते तिने कोणाला सांगितलं नाही. डॉक्टर मात्र आम्ही तिला अजून म्हणतो.

पहिलं वर्ष शेंडीवाला चटईचं पागोटं घालून उभा होता. पोरं त्याला सलाम करायची. मग पागोट्यातून एक पिवळट पान डोकावलं, मग दुसरं. ते धड हिरवं व्हायच्या आधीच दोघं-तिघं फाटकाशी येऊन गेले.

"काका, यंदा तुरे?"

"यंदा नाहीत रे."

"बरं. पुढच्या वेळी येतो."

काकांना तेवढं पुरलं असावं. फाटक आता दिवसभर उघडंच असतं.

आता वाटेवरून जाताना नवखा माणूस हमखास थांबतो. एवढं उंच खोड, आणि वरच्या बाजूला एकाच जागी आत गेलेलं, दोराने आवळल्यासारखं. ह्याला कसला रोग झाला होता, असं विचारतो. आम्ही त्याच्या हातात वाटेवरच्या घडातले दोन खजूर ठेवतो आणि सांगतो, रोग नाही हो. त्या जागी ह्याला एकदा वाईट ठरवलं होतं. वरचं सगळं त्यानंतरचं.